सीओटू मीटरचा रिव्ह्यू: एका कॅलिब्रेशनवालीच्या टेबलावरून

हवेतला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मोजणाऱ्या या मीटरच्या खोक्यावर तीन दावे छापले आहेत. घरातली हवा कोंदली की लगेच कळेल. अचूकता अधिक-उणे ५० पीपीएम (दहा लाख भागांतले ५० भाग) आणि वर वाचनाच्या ३ टक्के. आणि तिसरा, सगळ्यात मोठ्या अक्षरात: 'हवामान बदल स्वतःच्या डोळ्यांनी पाहा!' पहिला दावा खरा आहे. दुसरा बराचसा खरा आहे. तिसऱ्यामुळे हा रिव्ह्यू इतका लांबला.

कंपनीचं नाव देत नाही. असेच मीटर निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि आतलं डोकं साधारण सारखंच असतं, त्यामुळे एकालाच झोडपण्यात अर्थ नाही. माझं काम गॅस अ‍ॅनालायझर कॅलिब्रेट करण्याचं, म्हणजे माहीत असलेल्या गॅसशी ताडून त्यांचे आकडे बरोबर करण्याचं. दिवसभर सिलिंडर, रेग्युलेटर, झिरो, स्पॅन, ड्रिफ्ट. कुठल्याही यंत्राने आकडा दाखवला की तो किती आहे यापेक्षा तो कशाच्या जोरावर दाखवतोय हे मी आधी बघते. घरच्यांना ही सवय आवडत नाही.

दिसायला मीटर छान आहे. तळहातावर मावतो, स्क्रीन कागदासारखी, उन्हातही वाचता येते. बटणं दोनच. बॅटरी ठीक. अ‍ॅप सुमार: आलेख दिसतो, पण जुने आकडे फाइल करून बाहेर काढायचे तर तीन ठिकाणी परवानग्या द्याव्या लागतात. तापमानही दाखवतो, पण दीडेक अंश जास्त, कारण सेन्सर स्वतःच गरम होतो आणि थर्मामीटर त्याला खेटून बसवलाय. तापमानाकडे दुर्लक्ष करा.

घरच्या वापरासाठी हा मीटर उत्तम आहे. झोपायची खोली बंद ठेवली तर पहाटेपर्यंत आकडा दीड-दोन हजारांवर जातो, खिडकी उघडली की सरसर उतरतो. बैठकीत सगळे पेंगायला लागले की दोष वक्त्याचा की हवेचा, याचा निकाल लागतो. तोंडाजवळ धरून फुंकर मारली तर ५००० च्या पुढे जाऊन 'हाय' दाखवतो. उच्छ्वासात सीओटू ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४०,००० पीपीएम असतो. ते या मीटरच्या आवाक्यात नाही आणि असायची गरजही नाही.

आत काय आहे ते सांगते, कारण तिसऱ्या दाव्यातला जो भाग खरा आहे तो इथेच आहे. एका छोट्या नळीच्या एका टोकाला अवरक्त किरणांचा दिवा, दुसऱ्या टोकाला डिटेक्टर, त्याच्यासमोर ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर. नळीत सीओटू जितका जास्त तितका या तरंगलांबीचा प्रकाश वाटेतच शोषला जातो आणि डिटेक्टरपर्यंत कमी पोचतो. त्या कमतरतेवरून आकडा काढायचा. या पद्धतीला एनडीआयआर म्हणतात. म्हणजे कार्बन डायऑक्साइड उष्णतेचे किरण शोषतो हे ज्याला मान्य नाही, त्याच्यासाठी या मीटरवर आकडा उमटायलाच नको.

आमच्या कामात झिरो गॅस म्हणून शुद्ध नायट्रोजन वापरतात. का? कारण नायट्रोजनला अवरक्त प्रकाशाचं काही देणंघेणं नाही, तो आरपार जाऊ देतो. ऑक्सिजनही तसाच. हवेतला ९९ टक्के भाग या दोघांचा, आणि उष्णता अडवण्याच्या बाबतीत दोघेही जवळजवळ बघे. हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये दाखवलं. लांब नळी, तिच्या टोकांना सैंधवाच्या चकत्या (काच स्वतःच हे किरण अडवते म्हणून), एका बाजूला उष्णतेचा स्रोत, दुसऱ्या बाजूला ती उष्णता मोजणारा थर्मोपाइल. आराखडा बघितला तर आजच्या सेन्सरचीच मांडणी. त्याआधी तीन वर्षं, १८५६ मध्ये, युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले होते, आणि कार्बनिक आम्ल वायूची (सीओटूचं तेव्हाचं नाव) नळी जास्त तापते हे पाहून, असा वायू वातावरणात वाढला तर पृथ्वी जास्त उबदार होईल असं लिहून ठेवलं होतं.

एक बारकावा मात्र खोकं लपवतं. पृथ्वी जी उष्णता बाहेर टाकते, त्यातला सीओटूने अडवलेला मोठा वाटा १५ मायक्रोमीटरच्या आसपासचा असतो. मीटर ४.२६ वापरतो, कारण तिथे पाण्याच्या वाफेची लुडबुड कमी आणि लहान नळीतही शोषण भरपूर. रेणू तोच, त्याच्या थरथरण्याची तऱ्हा वेगळी. तेव्हा मीटर हरितगृह परिणाम 'दाखवत' नाही. ज्या गुणधर्मामुळे तो परिणाम होतो त्याच्याच भावंडाचा वापर करतो. एवढंही माझ्या मते पुष्कळ आहे.

आता कॅलिब्रेशन. दोन दिवसांसाठी मीटर कामावर घेऊन गेले आणि झाकण असलेल्या डब्यात ठेवून प्रमाणित सिलिंडरचा गॅस दिला. १००० पीपीएमवर वाचन हजारच्या थोडं वर, दिलेल्या मर्यादेत. २००० वरही ठीक. मग झिरो दिला, म्हणजे नुसता नायट्रोजन, सीओटूचा मागमूस नाही. आकडा उतरत उतरत ४०० वर आला आणि तिथेच बसला. पंधरा मिनिटं थांबले. ४००.

सेन्सर बिघडलेला नाही. सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी लिहून ठेवलंय की ४०० च्या खाली दाखवायचंच नाही. हेतू समजू शकते: मोकळ्या हवेत ३७० दिसलं तर गिऱ्हाईक तक्रार करतं. पण परिणाम बघा. औद्योगिक काळाच्या आधी हवेत सीओटू साधारण २८० पीपीएम होता. ती हवा बाटलीत भरून या मीटरला दिली तर तो ४०० म्हणेल. आणि तशी हवा खरोखर बाटलीबंद आहे! अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांमध्ये ८ लाख वर्षांपर्यंत मागची हवा सापडली आहे. त्या सगळ्या काळात, हिमयुगं आली आणि गेली, तरी आकडा १८० ते ३०० च्या दरम्यानच वर-खाली होत राहिला. या मीटरला तो सगळा इतिहास एकसारखा ४०० दिसेल. 'हवामान बदल स्वतःच्या डोळ्यांनी पाहा' म्हणणाऱ्या यंत्राने जुनी हवा ओळखण्याची सोयच काढून टाकावी, याला काय म्हणायचं?

पण हा दोष किरकोळ वाटावा असा दुसरा एक आहे. मीटरमध्ये आपोआप कॅलिब्रेशनची सोय आहे आणि ती कारखान्यातूनच चालू करून येते. साधारण आठवडाभरातलं सगळ्यात कमी वाचन कुठलं ते मीटर लक्षात ठेवतो आणि स्वतःशी ठरवतो की ही ताजी हवा, म्हणजे ४००. मग सगळी पट्टी त्याप्रमाणे सरकवतो. खोली रोज नीट मोकळी होत असेल तर हे चालून जातं. खोली कायम बंद असेल, आणि आठवड्याचं किमान वाचन खरं तर ५२० असेल, तर मीटर त्यालाच ४०० म्हणतो आणि तिथून पुढे तुम्हाला एकशे वीस पीपीएम कमी सांगत राहतो. म्हणजे हवा जितकी कोंदलेली, तितकी मीटरची खोटी ग्वाही मोठी.

माझा धाकटा भाऊ सगळ्यात संशय घेणारा. वाईट अर्थाने म्हणत नाही. संशय घेणारी माणसं नसती तर माझी नोकरीच नसती. मी मीटर त्याच्याकडे दिला होता आणि त्याने तो बरेच महिने गच्चीवर, पावसापासून आडोशाला, टांगून ठेवला. परत करताना आलेख उघडून म्हणाला, "ताई, हे बघ. सुरुवातीला ४०५, आज ४०२. रोज दुपारी येऊन-जाऊन तिथेच. तुमचा तो वाढणारा कार्बन कुठे आहे?"

मी म्हटलं, "तू दहा वर्षं टांगून ठेवलास तरी तिथेच राहील. त्याला तसं शिकवलंय."

कारण उघड आहे. बाहेर टांगलेल्या मीटरला दर आठवड्याचं किमान वाचन म्हणजे बाहेरचीच हवा. ती ४१५ असो, ४२५ असो, ४४० असो, तो तिलाच ४०० ठरवणार. जी गोष्ट मोजायची, तीच यंत्राने आपली मोजपट्टी मानली. अशा यंत्राने हवामान बदल मोजायला बसलं तर जगात काहीच बदललं नाही हे ते छातीठोकपणे सांगेल, आणि आलेखही सुंदर सपाट देईल.

आणि ४०० हा आकडा तरी कुठला? मौना लोआ या हवाईमधल्या वेधशाळेत दैनंदिन सरासरीने ४०० ची रेघ पहिल्यांदा ओलांडली ती मे २०१३ मध्ये. वार्षिक सरासरी २०१५ मध्ये ४०० च्या वर गेली. २०२४ ची सरासरी ४२४.६. मे २०२५ ची मासिक सरासरी ४३० च्या वर. म्हणजे मीटरमधली 'ताजी हवा' दहा वर्षं शिळी आहे. ही फर्मवेअर लिहिणाऱ्यांनी बदलत्या हवेचा पुरावा नकळत आपल्याच कोडमध्ये गाडून ठेवलाय: स्थिरांक म्हणून लिहिलेला आकडा स्थिर राहिला नाही.

भावाचा पुढचा प्रश्न रास्त होता. मौना लोआचं यंत्र तरी असंच स्वतःला समजावत नसेल कशावरून?

हा प्रश्न माझ्या धंद्यातला, म्हणून इथे जरा रेंगाळते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी तिथे मार्च १९५८ मध्ये मापन सुरू केलं तेव्हा त्यांचं यंत्रही एनडीआयआरच होतं, तत्त्व तेच जे माझ्या टेबलावरच्या खेळण्याचं. पहिला आकडा ३१३ पीपीएम. फरक इतकाच की त्यांनी हवेवर विश्वास ठेवला नाही. यंत्रात आलटून पालटून हवा आणि ज्ञात प्रमाणाचा संदर्भ गॅस सोडायचा, म्हणजे यंत्र सरकलं तर ते सिलिंडरच्या वाचनातही सरकलेलं दिसतं आणि वजा करता येतं. हवा आत घेण्याआधी गोठवून तिच्यातली वाफ काढून टाकायची, कारण ओलाव्याने आकडा पातळ होतो. आणि ते संदर्भ सिलिंडर कशावरून बरोबर? त्यांची तपासणी मॅनोमीटरने: हवेतला सीओटू गोठवून वेगळा काढायचा, ठरलेल्या आकारमानात त्याचा दाब मोजायचा. तिथे प्रकाश नाही, शोषण नाही, नुसता दाब, आकारमान आणि तापमान. म्हणजे एका पद्धतीची चूक दुसऱ्या पद्धतीत शिरायला वाट नाही. आज जगभरच्या केंद्रांची ही साखळी जागतिक हवामान संघटनेसाठी अमेरिकेच्या नोआ संस्थेची बोल्डरमधली प्रयोगशाळा सांभाळते, आणि उत्तर गोलार्धात केंद्रा-केंद्रांमधला फरक ०.१ पीपीएमच्या आत ठेवायचं उद्दिष्ट असतं. माझा मीटर ५० म्हणतो. ०.१ साठी काय करावं लागतं याची मला थोडीफार कल्पना आहे, त्यामुळे हे वाचताना मी खुर्चीत सावरून बसते.

"पण मौना लोआ तर ज्वालामुखी आहे," भाऊ म्हणाला. हे तो म्हणणार हे मला माहीत होतं. आहेच. रात्री डोंगरावरून खाली येणाऱ्या वाऱ्यात कधीकधी विवरांमधला वायू येतो. तेव्हा आकडा झटक्याने उसळतो आणि थरथरतो, तर समुद्रावरून आलेल्या हवेत तो तासन्‌तास स्थिर असतो. उसळणारे तास वेगळे काढले जातात. तरी शंका असेल तर दक्षिण ध्रुव बघा, तिथे जवळपास ज्वालामुखी नाही, किंवा टास्मानियातलं केप ग्रिम बघा, तिथे १९७६ पासून मापन चालू आहे. चढ तोच. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा उद्रेक झाला, लाव्हाने रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा मापन शेजारच्या मौना केआवर हलवून चालू ठेवलं. चढ तोच. जगातल्या सगळ्या ज्वालामुखींचा वर्षाचा सीओटू माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही.

मीटरची एक गोष्ट मला मनापासून आवडली ती मात्र गच्चीवरच दिसली. आपोआप कॅलिब्रेशन बंद करून ठेवला तर रोजचा एक ठेका दिसतो: वारा पडलेल्या रात्री झाडं आणि माती श्वास सोडत राहतात, हवा ढवळत नाही, आकडा चढतो, ऊन वर आलं की उतरतो, भर दुपारी जिथे येतो तिथे जवळजवळ रोज येतो. कीलिंग यांना १९५५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या जंगलात नेमकं हेच दिसलं होतं. दुपारचा आकडा कुठेही गेलं तरी ३१० च्या आसपास, म्हणजे ढवळलेल्या वातावरणाचा एक सामाईक आकडा आहे आणि तो मोजता येतो, ही जाणीव त्यातूनच आली. वर्षाचा ठेका, म्हणजे मे महिन्यात शिखर आणि सप्टेंबरच्या आसपास तळ, मौना लोआवर सहा-सात पीपीएमचा असतो. तो या मीटरच्या आकड्याच्या सततच्या थरथरीत हरवतो. तो दिसेल अशी आशा धरू नका.

आता समजा अगदी उत्तम मीटर आहे आणि वाढ दिसली. ती माणसामुळेच, हे मीटर सांगेल? नाही. सीओटूचा रेणू कोळशातून आला, फुप्फुसातून आला की समुद्रातून, ४.२६ मायक्रोमीटरच्या प्रकाशाला फरक पडत नाही. खोक्यातल्या माहितीपत्रकात हे कुठेही लिहिलेलं नाही आणि मला वाटतं लिहायला हवं होतं, कारण खरी रंगत इथून पुढे आहे.

सगळ्यात साधा पुरावा बेरीज-वजाबाकीचा. जीवाश्म इंधनं आणि सिमेंट मिळून वर्षाला साधारण ३७ अब्ज टन सीओटू हवेत जातो. खाणी, विहिरी आणि कारखाने हिशेब ठेवतात, त्यामुळे हा आकडा अंदाजपंचे नाही. वातावरणात १ पीपीएम म्हणजे सुमारे ७.८ अब्ज टन सीओटू. भागाकार करा: वर्षाला पावणेपाच पीपीएम वाढायला हवं. प्रत्यक्षात वाढतं अडीचच्या आसपास. डब्यात रोज चार मुठी टाकूनही दोनच मुठी वाढत असतील तर कोणीतरी गुपचूप काढून घेतंय, भर घालत नाहीये. समुद्र आणि जंगलं मिळून आपलं निम्मं गिळतायत. निसर्ग एकूणात देणारा असता तर वाढ पावणेपाचाच्या वर गेली असती. समुद्र गिळतोय याची पावती वेगळी मिळते: पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच औद्योगिक काळापासून ८.२ वरून ८.१ वर आलाय. स्वतः सीओटू बाहेर टाकणारा समुद्र जास्त आम्लधर्मी होत जाणार नाही.

दुसरा पुरावा समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचा. वनस्पती हलका कार्बन-१२ जास्त पसंत करतात, आणि कोळसा-तेल म्हणजे जुन्या वनस्पती आणि प्लवकच. ते जाळलं की हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण खाली यायला हवं. येतंय: शास्त्रज्ञांच्या पट्टीवर औद्योगिक काळाआधी उणे ६.५ च्या आसपास होतं, आता उणे ८.५ च्या आसपास. कार्बन-१४ ची गोष्ट आणखी नेमकी. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, त्यामुळे कोट्यवधी वर्षं पुरलेल्या इंधनात तो उरतच नाही. हान्स झ्यूस यांना १९५० च्या दशकात झाडांच्या वलयांत हा 'मृत' कार्बन मिसळलेला दिसला, कीलिंगची रेघ सुरू व्हायच्याही आधी.

तिसरा मला सगळ्यात देखणा वाटतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. म्हणजे सीओटू ज्वलनातून येत असेल तर ऑक्सिजन घटायला हवा. समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून नुसताच बाहेर येत असेल तर घटायचं कारण नाही. पण ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे २ लाख ९ हजार पीपीएम, आणि त्यात वर्षाला चारेक पीपीएमची घट शोधायची! कीलिंग यांचे पुत्र राल्फ कीलिंग यांनी त्यासाठी वेगळं उपकरण बनवलं आणि १९८९ पासून ही घट मोजली जातेय. ऑक्सिजन घटतोय, जळण्याशी जुळेल असाच. (श्वास कोंडायची भीती नको, साठा प्रचंड आहे.)

भावाने इथे श्वासाचा मुद्दा काढला. आपण सगळे मिळून इतका सीओटू सोडतो, त्याचं काय? श्वासातला कार्बन अन्नातून आला, अन्नातला झाडातून, झाडाने तो थोड्याच काळापूर्वी हवेतून घेतला. तो फिरता पैसा. बंद खोलीत आकडा वाढवेल, जगाचा नाही. हे त्याला पटलं, असं तो म्हणाला नाही. पण पुढच्या मुद्द्यावर गेला, त्यावरून मी समजले.

पुढचा मुद्दा तापमानाचा, आणि इथे मला मीटरसोबत आलेल्या 'प्रयोग पुस्तिके'वर जरा बोलायचंय. तिच्यात एक प्रयोग आहे: दोन बाटल्या, एकीत सोडा-व्हिनेगरने सीओटू भरा, दोन्हींवर दिवा सोडा, थर्मामीटर बघा, सीओटूची बाटली जास्त तापेल. तापते. पण कारण बहुतांशी वेगळं असतं: सीओटू हवेपेक्षा जड, त्यामुळे बाटलीतल्या वायूचं ढवळणं आणि वरच्या हवेशी मिसळणं बदलतं आणि उष्णता अडकून राहते. आर्गॉन भरला, जो अवरक्त किरण अजिबात शोषत नाही, तरी तशीच तापते. निष्कर्ष बरोबर, कारण चूक. असा प्रयोग शाळेत दाखवायचा आणि मग एखाद्या हुशार मुलाने आर्गॉन आणला तर त्याचा सगळ्याच गोष्टीवरचा विश्वास उडायचा. पुस्तिका फेकून द्या. मीटर कशाला म्हणतात हे शिकवायला मीटर पुरेसा आहे.

खरा प्रयोग बाटलीत मावत नाही, पण झालेला आहे. १९७० मध्ये निंबस-४ उपग्रहावरच्या उपकरणाने पृथ्वीवरून बाहेर जाणाऱ्या अवरक्त किरणांचा वर्णपट टिपला होता. १९९७ मध्ये जपानी उपग्रहावरच्या उपकरणाने पुन्हा टिपला. २००१ मध्ये दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले तेव्हा सीओटू आणि मिथेनच्या पट्ट्यांत बाहेर जाणारी ऊर्जा घटलेली निघाली. जमिनीवरून वर बघणाऱ्या उपकरणांनी उलटी बाजू मोजली: ओक्लाहोमा आणि अलास्कात २००० ते २०१० या काळात सीओटूमुळे खाली येणारी उष्णता दर चौरस मीटरला दशकात ०.२ वॅटने वाढली. माझ्या मीटरमधली नळी, पण वातावरणाइतकी उंच, आणि डिटेक्टर दोन्ही टोकांना.

इथे माहितगार माणूस एक चांगली शंका काढतो आणि भावाने ती कुठूनतरी शोधून आणली: १५ मायक्रोमीटरच्या मधोमध शोषण आधीच पूर्ण झालंय, मग आणखी सीओटूने काय होणार? १९०० च्या सुमारास हीच शंका नळीतल्या प्रयोगावरून घेतली गेली होती आणि बराच काळ टिकली. नळीपुरती ती बरोबरही आहे. पण वातावरण वर वर विरळ आणि थंड होत जातं. सीओटू वाढला की उष्णता अवकाशात निसटण्याची जागा आणखी उंच, आणखी थंड थरात सरकते, आणि थंड थर कमी ऊर्जा सोडतो. शिवाय पट्टीच्या कडा अजून भरलेल्या नाहीत. म्हणून परिणाम थांबत नाही, मंदावतो: दर दुपटीला साधारण सारखीच भर, चौरस मीटरला पावणेचार-चार वॅट.

यातूनच तो पुरावा निघतो जो मी संशय घेणाऱ्यांना सगळ्यात आधी दाखवते. सूर्य जास्त तळपत असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या १९६७ च्या गणितात हे आधीच आलं होतं, निरीक्षणं नंतर आली. (२०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये मानाबे आणि क्लाउस हासेलमान होते; हासेलमान यांचं काम नेमकं अशा ठशांवरून कारण ओळखण्याचं.) आणि सूर्य उपग्रहांवरून १९७८ पासून थेट मोजला जातोय: अकरा वर्षांचा चढउतार आहे, चढती रेघ नाही.

आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, तिच्या २०२१ च्या अहवालातला आकडा सांगते, कारण तो कॅलिब्रेशन रिपोर्टसारखा अनिश्चिततेसकट दिलेला आहे: १८५०-१९०० च्या तुलनेत २०१०-२०१९ मध्ये दिसलेली वाढ १.०६ अंश, माणसामुळे झालेली वाढ १.०७ अंश, शक्य पल्ला ०.८ ते १.३, नैसर्गिक कारणांचा वाटा उणे ०.१ ते अधिक ०.१. निसर्गाच्या खात्यात शून्याच्या आसपास. पल्ला न देता नुसता आकडा देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, तो कुठल्याही बाजूचा असो.

भावाने शेवटी मीटर पुन्हा मागितला, पण या वेळी आपोआप कॅलिब्रेशन बंद करून. दिला.

गुण: पाचपैकी तीन. खोलीच्या हवेसाठी चार दिले असते. ४०० च्या खाली न जाण्याबद्दल अर्धा कापला, पुस्तिकेबद्दल अर्धा. सपोर्टला लिहिलं होतं. 'ताजी हवा ४०० हे उद्योगाचं मानक आहे' एवढंच उत्तर आलं.

घेणार असाल तर खोक्यावर एनडीआयआर किंवा फोटोअकूस्टिक लिहिलंय का बघा. 'ईसीओटू' लिहिलं असेल तर घेऊ नका. ते सीओटू मोजतच नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाज बांधतात. ओळखायचं तर जवळ सॅनिटायझर उघडा: आकडा भसकन चढला तर परत करा. हाताने कॅलिब्रेशन करताना ताज्या हवेचा आकडा स्वतः टाकता येतो ना, हे विचारा. येत असेल तर वारा असलेल्या दुपारी, रस्त्यापासून लांब, अर्धा तास बाहेर ठेवून त्या महिन्याचा मौना लोआचा आकडा टाका. नोआच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. आणि हे करताना मीटरपासून हातभर लांब उभे राहा, श्वास दुसऱ्या दिशेला.